टोपलीत बसलेली खार

झाडंसुद्धा एकमेकांशी भांडायची, त्या काळात बकुळा नावाची खार उकडीचे मोदक करायची. कळ्या इतक्या रेखीव पाडायची की खाणाऱ्याला मोदक मोडवत नसे. माकड म्हणालं, "बकुळाताई, तू फक्त कर. घरोघरी मी पोचवतो."

माकड टोपली घेऊन फांद्यांवरून उड्या मारत निघायचं. अस्वलाच्या गुहेत पोचायचा तो नुसता लगदा. "बकुळाचा हात बिघडला," असं अस्वल रानभर सांगत सुटलं. माकडाचं नाव कुणी घेईना.

बकुळा चक्रावली. एके दिवशी ती स्वतःच टोपलीत मोदकांशेजारी बसली आणि वरून झाकण ओढून घेतलं. मग काय, झोका, कोलांटी, गिरकी आणि पुन्हा झोका.

अस्वलाने झाकण उघडलं. गूळखोबऱ्याने माखलेलं काहीतरी झुलत बाहेर आलं आणि त्याचं नाक धरून उभं राहिलं.

"हे काय?"

"मी, बकुळा. घरून निघताना मीही धड होते, आणि तुमचे मोदकही."

अस्वल हसून हसून लोळलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे बकुळाच्या दारीच गरम मोदक खायला येऊ लागले. माकडही येतं. रांगेत उभं राहून सगळ्यांना सांगतं, "हल्ली बरे करते. पूर्वी फार लगदा व्हायचा."