पान्ह्याचा कातळ

पाहुण्यांनो, त्या कातळावरून जरा उठा. तिथं फक्त बाळंतीण बसते. शेजारच्या झऱ्याचं पाणी तिला सासूनं पाजायचं, अशी आमच्या सावरखिंडीची रीत आहे. ती कशी पडली, ते ऐका.

फार मागे आमच्याकडे भलताच खुळचटपणा होता. बाळंतिणीला सव्वा महिना पाणी घोटघोटच द्यायचं. का, तर पोट सुटतं म्हणे! मी या गावची सुईण, म्हणून रागानं बोलते. तेव्हा राही नावाची सून बाळंत झाली. मुलगी झाली, पण दूध पुरेना. दहाव्या दिवशी पोर रडून रडून निपचित पडायला लागली. सासू भागीरथीनं ठरवलं, उद्या पोर आपल्या लेकीच्या ओटीत घालायची. लेकीच्या अंगावर पितं मूल होतं. हे सांगताना सासूही रडली, असं सांगतात.

राही पहाटेच पोरीला घेऊन खिंडीतल्या देवीला नवस बोलायला निघाली. या कातळापर्यंत आली आणि मटकन बसली. इथं एक म्हातारी धनगरीण मेंढ्यांना पाणी पाजत होती. तिनं राहीचे सुकलेले ओठ पाहिले.

"पानी कवा पेलीस?"

राहीनं खरं ते सांगितलं.

"अगं, मेंढी तान्हेली ठिवली तर कोकराला काय पाजंल? पी आधी. ही भाकरी खा. आन् पोरीला सोडू नगंस, वढू दे तिला."

राही प्याली, जेवली, पोरीला सारखी अंगावर घेत राहिली. शोधत आलेल्या सासूला पाहून ती उठली नाही.

"तीन दिस द्या, आत्याबाई. मग न्या पोर."

भागीरथी पहारा द्यायला इथंच बसली म्हणे. पहिला दिवस नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं न मागता तांब्या भरून दिला. तिसऱ्या दिवशी पोर पिता पिता तृप्त होऊन झोपली, आणि राहीचा पदर भिजून दूध कातळावर ठिबकलं. भागीरथी सुनेच्या गळ्यात पडली.

"माझी दोन गेली गं. मला कुनी पानी दिलं न्हाई."

बातमी कळताच गाव हलगी घेऊन सामोरा आला, आणि दोघी तिच्या तालावर गावात शिरल्या. धनगरीण पुन्हा दिसली नाही. गाव तिला देवी म्हणतं. मी म्हणते, ती शहाणी बाई होती, तेवढं पुष्कळ झालं.

आजही बाराव्या दिवशी इथं हलगी वाजते. सासू तांब्या भरून देते, सून सगळ्यांदेखत तो रिकामा करते, आणि जमलेल्या बायका सासूला ओरडून सांगतात, "अजून भर!"