उतार किती?

“…आणि उतार किती?”

मोडकूबुवांनी हे विचारलं, तेव्हा लोकेश पटले मनातून खूश झाला. तासाभरात म्हाताऱ्याने कामाचा असा हा पहिलाच प्रश्न विचारला होता.

“किलोमीटरला चाळीस सेंटिमीटर,” तो म्हणाला. “एकतीस किलोमीटरांत साधारण साडेबारा मीटर. फार नाही.”

बुवा जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी दोन गाठी मारल्या. तिसरी मारता मारता लोकेशकडे पाहिलं…

“बरं,” ते म्हणाले. “उद्या या जी.”

लोकेशला याचा अर्थ कळेना. तो नागपूरला नकाशे काढणाऱ्या कंपनीत होता, आणि उत्तर चुकण्याची त्याला सवय नव्हती.

त्याच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद होता. त्यावर पुढच्या रविवारचा अख्खा दिवस मांडलेला. ढिवरटोल्याच्या घाटावरून सकाळी सहाला निघायचं, प्रवाहाबरोबर खाली जायचं आणि साडेतीनला पिंपळखारीला लागायचं. कोणत्या तासाला वारा कुठून येईल, ऊन कोणत्या गालावर पडेल, पाणी ताशी किती धावेल, सगळं त्यात होतं. वैनगंगेची त्याने पत्रिकाच मांडली होती म्हणा ना.

होड्याही तयार होत्या. दोन-दोन माणसांच्या तीन कयाक. चौघे मित्र येणार होते, आणि त्याच्या होडीत पुढच्या जागेवर बसणार होती त्याची आई, सुगरताबाई.

खरं तर हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. पिंपळखारी तिचं माहेर. शेहेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती डोंग्यातून नदीने वर आली, ती मागे तोंड करून. माहेरचा घाट दिसेनासा होईपर्यंत तिने मान वळवली नव्हती. पुढे डांबरी रस्ता झाला, एसटी सुरू झाली. पण ती म्हणायची, “रस्त्यानं गेलं का माहेर मागच्या दारानं येते.” गावाचं तोंड नदीकडे होतं. एकदा पुढच्या दाराने माहेरी जायचं, एवढंच तिला हवं होतं.

आता वय सहासष्ट. उन्हाळ्यात मूतखड्याचं ऑपरेशन झालेलं. लोकेशने ठरवलं होतं की या वर्षी नाही, तर मग नाहीच.

मधे होते ते मोडकूबुवा.

बुवा जातीने ढिवर, पिढीजात मासेमार, गळ्यात तुळशीमाळ, वय विचारलं तर “पाणी पाहून सांगतो” म्हणणारे. तीन पिढ्यांना त्यांनी पोहायला आणि डोंगा चालवायला शिकवलं होतं. म्हणून आसपासची गावं त्यांना गुरू म्हणत, आणि ते कोणाला गुरुमंत्र म्हणून देत नसत. त्या पट्ट्यात एक रीत होती. नवी होडी दिवसभराच्या वाटेला लागायची असेल, तर बुवा तिच्या नाकाला काठावरचा चिखल लावत. चिखल लावलेल्या होडीचा निरोप खालच्या गावांना जाई आणि ती तिची वाट पाहत. संध्याकाळपर्यंत दिसली नाही, तर डोंगे घेऊन शोधायला निघत.

चिखलाशिवाय जायला कोणाची बंदी नव्हती. पण आईला पुढे बसवून तसं निघण्याची लोकेशची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी तो जाडजूड कागद घेऊन आला. रात्रभर बसून त्याने दर अर्ध्या किलोमीटरचा चढउतार काढला होता.

“उतार किती?” बुवांनी विचारलं.

त्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात अठरा सेंटिमीटर, दुसऱ्यात बावीस, तिसऱ्यात खडक आहे म्हणून तीस. बुवा ऐकत होते, पण चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी, असं लोकेशच्या मनात आलं. घडा कोण होता ते त्याला अजून कळायचं होतं.

वाचून झाल्यावर बुवांनी एवढंच विचारलं, की सोबत कोण कोण आहे. लोकेशने मित्रांची नावं सांगितली, कोणाला किती पोहता येतं तेही सांगितलं.

“अन् मायचं कसं?”

“आईची काळजीच नको, बुवा. तिचा काही त्रास नसतो. प्रवासाच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही.”

हे त्याने कौतुकाने सांगितलं. आईच्या नावासमोर कागदावर त्याने तसं लिहिलंही होतं, ‘अडचण नाही’.

बुवांची सुई थांबली…

 जाळं बाजूला सारून ते उठले, झोपडीतून तांब्या घेऊन आले आणि लोकेशपुढे धरला.

“प्या जी.”

लोकेशला तहान नव्हती. पण मोठ्या माणसाने दिलेलं नाही कसं म्हणायचं? तो प्यायला. बुवांनी पुन्हा भरला. तोही प्यायला. तिसऱ्या तांब्याला तो हसून नको म्हणाला, तर बुवा तसेच हात पुढे करून उभे. अडला हरी, दुसरं काय करणार? तोही त्याने रिचवला.

“चला,” बुवा म्हणाले. “डोंग्यात बसा. कागद घ्या संगं.”

सकाळचे आठ वाजले होते. लाकूड कोरून केलेला तो डोंगा बुवांनी बांबूने लोटला आणि नदीने तो आपल्याकडे घेतला. दिवाळीनंतरचं पाणी, भरलेलं पण शांत. लोकेश कागद मांडीवर घेऊन बसला. वेग त्याने लिहिला होता तेवढाच निघाला. वळणं जिथल्या तिथे होती. तो एकेक गोष्ट पडताळत होता आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता.

अर्ध्या तासाने तो जरा सरकून बसला.

पाऊण तासाने त्याचं पाण्यावरचं लक्ष उडालं. तीन तांबे आपलं म्हणणं मांडू लागले होते. त्याने आधी पुलाची चौकशी केली, मग माशांची, मग बुवांच्या गुडघ्यांची. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार बुवांच्या लक्षात आला नसेल असं नाही, पण ते निवांत वल्हं मारत राहिले.

शेवटी लोकेश म्हणाला, “बुवा, जरा कडेला घेता का?”

“कोठी?”

लोकेशने काठाकडे पाहिलं. डावीकडे मातीची सरळ दरड, दोन पुरुष उंच. उजवीकडे गवत माणसाच्या वर गेलेलं आणि त्याच्या बुडाशी गुडघाभर चिखल. पुढे पाहिलं, तेच. मागे पाहिलं, तेच. आठ महिने तो या नदीचा अभ्यास करत होता, पण काठ असा त्याने पाहिलाच नव्हता. नकाशात तो एका निळ्या रेघेएवढा होता.

“कागदावर पाहा न जी,” बुवा म्हणाले.

चेष्टा होती की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. लोकेशने खरोखरच कागद पाहिला. वारा होता, ऊन होतं, सेंटिमीटर होते…

“काहून लाजता?” बुवा म्हणाले आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. “पुरुषाचं काय जी… राहा डोंग्यात उभे.”

लोकेश उठला. डोंगा हलला. त्याने तोल सावरला, पाण्याकडे वळला, आणि तसाच उभा राहिला.

पुरुषाचं काय…

त्याला एसटीतली आई आठवली. शाळेच्या सहलीला सोबत आलेली आई आठवली, लग्नाच्या वरातीतली, ऑपरेशनला नागपूरला येताना गाडीत खिडकीशी बसलेली. ओठ सुकलेले, आणि कोणी बाटली पुढे केली की तेच एक वाक्य, “मला तहान नाही.” डॉक्टरांनी त्याच्यासमोर तिला विचारलं होतं, पाणी कमी का पिता? ती खाली मान घालून बसली होती. तेव्हाही त्याला वाटलं, विसरत असेल. आठ महिने त्याने वारा मोजला आणि आईच्या नावापुढे ‘अडचण नाही’ लिहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

तो हळूच खाली बसला.

“झालं?” बुवांनी विचारलं.

“नाही, बुवा. थांबतो मी… उतार येईपर्यंत.”

वल्ह्याचा हात क्षणभर अडखळला. मग डोंगा पुन्हा चालू लागला. बुवा हात थोडे भराभर चालवू लागले.

उतार यायला आणखी अर्धा तास लागला. लोकेशच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब अर्धा तास. दर वळणाला तो मान उंच करून पाही आणि पुन्हा खाली बसे. अखेर दरडीत एक खाच दिसली. तिच्यातून एक पांढरी वाट तिरपी होत पाण्यापर्यंत आलेली, आणि वाटेवर खुरांचे ठसे.

“गाईचा खूर उतरते तेथी माणसाचा पाय उतरते,” बुवा म्हणाले.

लोकेश ते पूर्ण ऐकायला थांबला नाही.

परत आला तो वेगळाच माणूस. आता त्याचं पाण्याकडे लक्षच नव्हतं. हा उतार होईल का? तो का नाही? तिथेही जनावरांची वाट आहे की. बुवा सांगत गेले. म्हशींच्या वाटेने जाऊ नये, म्हैस चिखलातच सुखी असते. धुण्याचे दगड दिसले तर डोळे मिटून उतरावं, कारण बाया वाईट जागी दगड मांडत नाहीत. नुसती वाळू पाहून हुरळू नये, आडोसा कुठे आहे ते पाहावं. वर झुडूप हवं, आणि झुडपापर्यंत म्हाताऱ्या माणसाला हात न धरता चढता यावं. लोकेशने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला.

एका उताराजवळ दोन बाया घागरी घासत होत्या. त्याने डोंग्यातूनच त्यांना विचारलं की वर आडोसा आहे का, सोबत माझी आई असणार आहे. एकीने पदर सावरत बाभळीकडे बोट दाखवलं. दुसरी म्हणाली की त्यापेक्षा आमच्याच घरी यावं म्हणा, घर चार पावलांवर आहे. त्याने तेही लिहून घेतलं.

दिवस कलल्यावर पिंपळखारीचा घाट दिसला. सहा पायऱ्या, वर पिंपळ, आणि गावातल्या घरांची दारं खरोखरच नदीकडे उघडणारी. लोकेश घाटावर उतरला नाही. पहिल्यांदा आईने उतरावं, असं त्याला वाटलं.

रविवारी उजाडताना ढिवरटोल्याच्या घाटावर तिन्ही कयाक ओळीने ठेवल्या होत्या. पाण्यावर धुकं होतं. मित्र दोऱ्या बांधत होते. सुगरताबाई काठापदराचं लुगडं नेसून, वर ते केशरी लाइफ जॅकेट घालून एका दगडावर बसल्या होत्या. नजर खालच्या वळणाकडे लागलेली.

बुवा आले. आज जाळं नव्हतं.

“उतार किती?”

“अकरा,” लोकेश म्हणाला. “त्यातले बाईमाणसाला चालतील असे सात. त्या सातांवर थांबणार आहोत. पोचायला साडेतीनचे साडेपाच होतील.”

“अन् कागद?”

“घरी आहे.”

बुवांनी मान हलवली. वाकून काठावरचा मूठभर चिखल घेतला आणि एकेका होडीच्या नाकाला बोटं फिरवली. लोकेशच्या होडीला लावून झाल्यावर त्यांनी हात नदीत धुतले. मग तांब्या उचलला आणि सुगरताबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“घ्या, माय.”

सुगरताबाईंनी तांब्याकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरली, आणि हात मात्र जन्माच्या सवयीने आडवा झाला.

“नको जी,” त्या म्हणाल्या. “दिवसभर डोंग्यात बसाचं हाय.”

लोकेश काही बोलायला पुढे झाला. बुवांनी त्याला हातानेच थांबवलं…

“प्या, माय,” ते म्हणाले. “उतार हाय.”