बारशाच्या यादीतलं खोडलेलं नाव

एकदा एक शिष्य बाप झाला. तसे शिष्य बाप होतातच, त्यात नवल नाही. पण याच्या घरी लग्नानंतर नऊ वर्षांनी पाळणा हलला होता, त्यामुळे त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. बाजारात त्याचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. लेक झाल्यापासून गिऱ्हाइकानं घागर मागावी आणि यानं परात पुढे करावी, असं चाललं होतं. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. दहाव्या दिवशी सकाळी तो निमंत्रितांची यादी घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. त्यांच्याच ओसरीवर तो लहानपणी अक्षरं गिरवायला शिकला होता, आणि अजूनही त्यांना विचारल्याशिवाय कोणतंही शुभकार्य करत नसे.

गुरुजी भिजवलेले वाल सोलत बसले होते.

"गुरुजी, कुणी राहून गेलं का, तेवढं बघा. एक माणूस सुटला तरी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं."

गुरुजींनी हात पुसले आणि यादी डोळ्यांजवळ धरली. पहिलं नाव त्यांचं आणि माईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं होतं. पुढे सासुरवाडी, शेजारी, सुईण, दुकानासमोरचा शिंपी.

"भांडलेल्या चुलत्यालाही बोलावलंस? शाबास! आणि पाळण्यात नाव कोण ठेवणार?"

"आत्याच. म्हणजे, माझी चुलत बहीण."

"आणि सख्खी?"

शिष्यानं मान खाली घातली. "आक्काला नाही बोलावलं. दोन वर्षांपूर्वी तिची सहा महिन्यांची लेक तापात गेली, तुम्हाला ठाऊकच आहे. पाळणा बघून तिला काय वाटेल? तिच्या जखमेवर मीठ नको. महिन्याभरानं मीच जाऊन पेढे देऊन येईन."

"एवढंच कारण?"

"एवढंच."

"मी तुझ्या बारशाला जेवलोय, बरं का."

शिष्य हळूच म्हणाला, "बायका म्हणतात, अशा बाईच्या हातात बाळ देऊ नये. मी मानत नाही, गुरुजी. पण नऊ वर्षांनी मूल झालंय. भीती वाटते."

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कोनाड्यातली लेखणी घेतली, यादीतलं पहिलंच नाव, स्वतःचं आणि माईंचं, खोडून टाकलं आणि पुन्हा वाल सोलायला घेतले.

शिष्यानं खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. "गुरुजी, माझं चुकलं असेल तर कान उपटा. पण तुमच्याविना माझ्या लेकीचं बारसं?"

"मी फक्त तुझा नियम पुरा केला," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आमचाही मुलगा गेलेला आहे."

शिष्याला हे ठाऊक नव्हतं.

"अकरा दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी बारसं, घुगऱ्यांचे हरभरेसुद्धा भिजत घातले होते. नाव ठेवायच्या आधीच गेला. आम्ही अजून त्याला बाळच म्हणतो. त्यानंतर दोन वर्षं आम्हाला गावातल्या एकाही बारशाचं बोलावणं आलं नाही. लोक वाईट नव्हते रे, जपत होते आम्हाला. शेजारी पाळणा म्हणू लागले की माई दार लावून बसायची. पहिलं दुःख दैवानं दिलं, ते सोसलं. हे दुसरं माणसांनी मायेनं दिलं, त्याची तक्रार कुणाकडे करायची? मग तू जन्मलास. तुझी आजी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारात आली आणि म्हणाली, 'माई, पाळण्याखालून बाळ घ्यायला एक बाई कमी पडतेय.' कमी कसली पडतेय! तुमच्या घरात बायका मावत नव्हत्या. माई गेली, तुला हातात घेऊन घळाघळा रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं दोन वर्षांनी पोटभर जेवलो. आता तूच सांग, त्या हातांनी तुझं काही वाकडं झालं का? यायचं की नाही, रडायचं की हसायचं, हे आक्काला ठरवू दे. आपल्या हाती फक्त बोलावणं असतं."

शिष्य उठला, तो यादी ओसरीवरच विसरून. घरून त्यानं कोयरी घेतली आणि ओढ्यापलीकडचं आक्काचं गाव गाठलं. आक्का अंगणात पापड वाळत घालत होती.

"आक्का, परवा बारसं आहे. नाव तूच ठेवायचंस. येशील?"

आक्का उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खणाची लाल कुंची होती, कडेला बारीक मणी ओवून पुरी केलेली.

"आठ दिवस झाले शिवून. पाठवावी की नको, कळत नव्हतं," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "दहा दिवस लावलेस, गाढवा!" एवढं बोलून ती रडायला लागली, आणि तोही.

परतताना शिष्यानं गुरुजींच्या ओसरीवरून यादी घेतली. सगळ्यांत वर आक्काचं नाव घातलं आणि त्याखाली गुरुजींचं व माईंचं पुन्हा लिहिलं. गुरुजींनी या वेळी लेखणीला हात लावला नाही.

बाराव्या दिवशी लाल कुंचीतलं बाळ पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरलं. आक्का वाकली. तिनं बाळाच्या कानात "मंजुळा" म्हटलं, आणि 'कुर्रर्र' केलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आपल्याकडे रीत आहे. पण भोवतीच्या बायकांचे हात वरच राहिले. हिला कसं मारावं? तेवढ्यात मागून माई पुढे सरकल्या आणि त्यांनी आक्काच्या पाठीत असा एक सणसणीत धपाटा घातला की पाळण्याच्या घुंगरांनीही दचकावं. मग सगळेच हात पडले, एकच गलका झाला.

शिष्य दारातून पाहत होता. आक्काचे खांदे गदगदत होते. ती हसत होती की रडत होती, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.