विद्यापीठाचं गाव आणि म्हाळसा तेलीण

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही नीट आठवलं नसतं, इतक्या मागची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरकून बसावं, मोठ्यांनी मागे. पण कान मात्र मोठ्यांनीच जास्त द्यावेत, कारण गोष्टीतली चूक मोठ्यांची आहे.

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. जमीन मुरमाड, तीळ आणि करडईखेरीज धड काही पिकायचं नाही. मग एका राजाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने गावामागच्या टेकडीवर विद्यापीठ बांधलं. लांबलांबच्या मुलखांतून विद्यार्थी येऊन राहू लागले आणि गावाला बरे दिवस आले. दोन म्हशींच्या गवळ्याकडे वीस म्हशी झाल्या. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची होती, त्याने आणखी तीन चढवल्या आणि टेकडीवर न मावणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. हलवाई पूर्वी सणासुदीलाच कढई तापवायचा, तो रोज तापवायला लागला.

टेकडीवर नेमकं काय शिकवतात हे मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी कधी विचारलंही नव्हतं.

याच गावात म्हाळसा नावाची तेलीण राहायची. नवरा गेल्यावर तिने लाकडी घाणा एकटीने चालवला. तिला मूलबाळ नव्हतं. होता तो घाणा, आणि घाणा ओढणारा बांड्या नावाचा बैल. बांड्या बोलायचा. त्या काळी बैल बोलत, पण कामापुरतंच. आताची माणसं बोलतात तसं उगाच नाही.

म्हाळसेचं सगळं तेल टेकडीवर जायचं. विद्यार्थी तिथे रात्र रात्र दिवे लावून पोथ्या वाचायचे, आणि दिवे काही पाण्यावर जळत नाहीत. रोज सकाळी विद्यापीठाचा सेवक रिकामे बुधले ठेवून भरलेले घेऊन जायचा. गावात बाकी कुणाला एवढं तेल लागायचं नाही. टेकडीवर तेल गेलं नाही, तर घाणा थांबणार आणि बैल विकावा लागणार, हे म्हाळसेला पक्कं माहीत होतं.

आता विद्यापीठाचा नियम ऐका. आचार्यांच्या प्रश्नांची उत्तरं देता आली, की विद्यार्थ्याने घरी जायचं. कुणाला पाच वर्षं लागत, कुणाला दहा. एका वर्षी अशी काही हुशार तुकडी निघाली, की सत्तर जण एकदमच उत्तरं देऊन चालते झाले. नवे यायला अजून दोन महिने होते. तेवढ्या दोन महिन्यांत गावाच्या तोंडचं पाणी पळालं. गवळ्याचं दूध नासलं, खोल्यांना कुलपं लागली.

पाटलांनी पारावर बैठक बोलावली. म्हाळसाही जाऊन बसली.

हलवाई म्हणाला, “पाटील, पोरं फार लवकर शिकतात. आपलं दुखणं आहे ते हे.”

“मग काय, त्यांच्या डोक्यात भुसा भरायचा?” गवळ्याने विचारलं.

“भुसा कशाला? जिलबी भरू,” हलवाई म्हणाला. “जबरदस्ती कुणावर करायची नाही. माळावर रोज संध्याकाळी काहीतरी ठेवायचं. आज सोंगं, उद्या कुस्त्या, परवा कोंबड्यांच्या झुंजी. पोरं चार घटका रमतील. पाच वर्षांची विद्या सात वर्षं चालेल. पोरांचंही वाईट नाही, आपलंही वाईट नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाळसेनेही डोलावली. तिला सोंगं फार आवडायची, आणि गावात करमणूक होणार असेल तर नको कशाला म्हणायचं, एवढाच विचार तिने केला. हो, तेवढाच. त्या बैठकीत यापेक्षा जास्त विचार कुणीच केला नाही.

बेत जमला, आणि असा जमला की विचारू नका. नवे विद्यार्थी आले, जुने रेंगाळले. माळावर लाकडं पेटवून उजेड करायचे आणि उशिरापर्यंत खेळ चालायचे. हलवायाने दुसरी कढई घेतली. गवळ्याने तर ग्रामदेवीला नवस केला, “बाई, यंदा एकाही पोराला उत्तरं येऊ देऊ नकोस, तुझी खणानारळाने ओटी भरीन.” देवीला काय वाटलं असेल ते देवी जाणे.

आणि त्याच दिवसांत म्हाळसेचं तेल खपेनासं झालं.

आधी दहा बुधले जायचे, ते सात जाऊ लागले. मग चार. मग सेवक एक दिवसाआड यायला लागला. तुमच्या लक्षात आलं असेल, पण तुम्ही दूर बसून ऐकताय. ती घाण्याजवळ उभी होती. तिचं डोकं चालेना.

पहिल्यांदा तिला वाटलं, तीळ वाईट निघाले. तिने नवे तीळ आणले. मग वाटलं, आपल्याला कुणाची तरी नजर लागली. तिने मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मग वाटलं, तेल धूर करत असेल. तिने स्वतःच्या घरात दिवा लावून पाहिला, तो छान जळत होता. शेवटी सगळा राग बांड्यावर निघाला.

“तूच मंद चालतोस. म्हणून तेल कडवट उतरतं.”

“मी नेहमीसारखाच चालतो,” बांड्या म्हणाला. “फक्त हल्ली लवकर सुटतो. पूर्वी संध्याकाळी पाय दुखायचे, आता दुखत नाहीत. मला काही हे ठीक वाटत नाही.”

म्हाळसा गवळ्याकडे गेली. “भाऊ, टेकडीवरची पोरं कमी झालीत का रे?”

“कमी? अगं, दीडपट झालीत. जुनी जात नाहीत आणि नवी येतायत. माझ्या म्हशी पुरेनात.”

ती अंगणात येऊन बसून राहिली. पोरं वाढली, रात्र काही लहान झाली नाही. मग तेल कमी कसं लागतं? तिने हे स्वतःला तीनतीनदा विचारलं. दर वेळी ती तिथेच येऊन अडकायची. सगळ्या गावाचं चांगलं चाललंय आणि आपलंच का बुडतंय, हे तिला काही केल्या उमगेना. तिला रडू आलं. आपल्या हातून काय पाप घडलं, असं वाटून ती दोन दिवस नीट जेवलीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोक्यावर बुधला घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा टेकडी चढली.

वर पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सगळीकडे सामसूम. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत डोकावली, तर जो तो डोक्यावरून पांघरूण घेऊन घोरत पडलेला. कोनाड्याकोनाड्यात दिवे होते, आणि सगळे काठोकाठ भरलेले. तेलावर धूळ साचली होती आणि मुंग्या मरून तरंगत होत्या. म्हाळसेने एका दिव्यात बोट बुडवून पाहिलं. तेल तिचंच होतं. चांगलं होतं.

मोठ्या दालनात एक म्हातारे आचार्य बसले होते. त्यांच्यासमोर चटया अंथरल्या होत्या आणि चटयांवर कुणीही नव्हतं.

“तेल आणलंय का बाई? ठेवायला जागा नाही,” ते म्हणाले.

“आचार्य, पोरं दिवे का लावत नाहीत?”

“रात्री ती तुमच्या माळावर असतात आणि दिवसा झोपतात. मग दिवा लावायचा कुणी?”

पारावरची बैठक आणि डोलावलेली आपली मान म्हाळसेला आठवली. आपल्याच हाताने आपण आपलं तेल बंद केलं, हे तिला आत्ता कळलं.

आचार्य म्हणाले, “वसंतात राजाच्या सभेत विद्यापीठाची परीक्षा आहे. ती बारा वर्षांतून एकदाच होते. दूरदूरचे लोक ऐकायला येतात आणि पोराला कुठे धाडायचं ते ठरवतात. माझी मुलं तिथे गप्प राहिली, तर इथे पुन्हा कुणी येणार नाही. आणि इथे कुणी आलं नाही, तर तुमच्या गावात कशाला येईल? परीक्षेपुरते तरी ते खेळ थांबवा. मी खाली येऊन सांगितलं तर लोकांना वाटेल, म्हातारा करवादतो. तू त्यांच्यातली आहेस. तू सांगशील का?”

“सांगते,” म्हाळसा म्हणाली. तिने मनापासून म्हटलं होतं, यात खोट नाही.

त्याच दुपारी ती पारावर गेली. पाटील होते, हलवाई होता, गवळी होता. म्हाळसेला कुठून सुरुवात करावी कळेना. म्हणून जे सर्वांत जास्त टोचत होतं, तेच आधी तोंडातून बाहेर पडलं.

“पाटील, माझं तेल खपेना. खेळांमुळे खपेना. घाणा बंद पडायची वेळ आलीय.”

कुणी हसलं नाही. सगळे कळवळले. गाव वाईट नव्हतं हो, हे लक्षात ठेवा.

पाटील म्हणाले, “अगं, मग आधी बोलायचं नाही का? लाकडांच्या धुराने डोळे चुरचुरतात अशी तक्रार आहेच. उद्यापासून माळावर तेलाचे पलिते लावू. सगळं तेल तुझ्याकडचं. मग तर झालं?”

“रोज बारा बुधले तरी लागतील,” हलवाई म्हणाला. “टेकडीपेक्षा जास्त.”

म्हाळसा तशीच उभी राहिली. ती दोन गोष्टी सांगायला आली होती. त्यांतली एक सांगताक्षणी सुटली होती. दुसरी आता कशी काढावी, ते तिला समजेना. ज्यांनी आत्ताच आपला बैल वाचवला, त्यांनाच खेळ बंद करा म्हणायचं?

“आणि ते... राजाच्या परीक्षेचं काहीतरी म्हणत होते आचार्य,” ती पुटपुटली.

“बघू की,” पाटील म्हणाले. “अजून वसंत लांब आहे.”

ती घरी आली. दुसऱ्या दिवसापासून घाणा उजाडल्यापासून फिरू लागला. संध्याकाळी बांड्याचे पाय पुन्हा दुखायला लागले.

“वरच्या म्हाताऱ्याला काय कळवलंस?” त्याने विचारलं.

“तू घाणा ओढ,” म्हाळसा म्हणाली.

त्यानंतर ती टेकडीच्या बाजूला फिरकली नाही. एकदा मन फार खायला लागलं, तेव्हा तिने सेवकाच्या हाती आचार्यांसाठी एक बुधला फुकट पाठवला. तो भरलेला तसाच परत आला. तेव्हा तिला वाईट वाटलं. मग रागही आला. आपण एकटीने काय करणार होतो, असं ती घाण्याभोवती फिरता फिरता स्वतःला सांगत राहिली. आपण चुकतोय की बरोबर आहोत, हे काही तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात बुधले भरायची वेळ व्हायची.

वसंत काही गावासाठी थांबला नाही. राजाची सभा भरली. विद्यापीठाचे विद्यार्थी रांगेने उभे राहिले. राजाने मुद्दाम सोपा प्रश्न विचारला, “तुमच्या टेकडीखालून वाहणारी नदी दर पावसाळ्यात काठ का बदलते?” एकाने डोकं खाजवलं. दुसऱ्याला कोंबड्यांच्या झुंजीचे सगळे डाव तोंडपाठ होते, पण ते कुणी विचारले नाहीत. सभा आधी हसली आणि मग हसायची थांबली.

बातमीला पाय फुटले. पंधरा दिवसांत बापांच्या गाड्या येऊन गावाच्या वेशीवर लागल्या. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. ज्याने त्याने आपला मुलगा गाडीत बसवला आणि तो निघून गेला. नवा एकही आला नाही. खेळवाले सगळ्यांत आधी पसार झाले. गवळ्याने एकोणीस म्हशी बाजारात उभ्या केल्या, पण घेणार कोण? सगळं गावच विकायला बसलं होतं. चढवलेल्या खोल्यांत पाखरांनी घरटी केली.

सगळ्यांत शेवटी म्हातारे आचार्य टेकडी उतरले. पाठीवर पोथ्यांचं गाठोडं होतं. ते म्हाळसेच्या दारावरून चालले, तशी ती धावत बाहेर आली आणि तिने त्यांची वाट अडवली.

“आचार्य, मी सांगायला गेले होते. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याच दुपारी गेले होते.”

“ठाऊक आहे मला. सेवकाच्या कानावर आलं होतं.”

“मग माझं चुकलं कुठे? मी इतके दिवस विचार करतेय, मला कळत नाही.”

आचार्यांनी गाठोडं खाली ठेवलं. “बाई, पारावर तू आधी काय सांगितलंस?”

“तेल खपत नाही, हे.”

“आणि पोरं शिकत नाहीत, हे?”

म्हाळसा खाली मान घालून म्हणाली, “ते सांगायच्या आधी माझं तेल खपायला लागलं होतं.”

आचार्यांनी गाठोडं उचललं आणि ते नदी ओलांडून दुसऱ्या मुलखात गेले. तिथे त्यांनी एका झाडाखाली सात विद्यार्थी घेऊन पुन्हा शिकवायला सुरुवात केली. काही वर्षांनी त्या झाडाभोवती एक गाव वसलं म्हणतात. म्हाळसेने त्या आठवड्यात बैल विकला. हलवायाने कढया मोडीत घातल्या. टेकडीच्या पायथ्याला आज नुसता मुरूम आहे.

तात्पर्य : ज्या विद्येमुळे गावाची चूल पेटते, ती विद्या निजली तर गप्प राहू नये, मग आपली चूल त्या दिवशी कितीही छान पेटलेली असो.