मोहाची वरची बाजू

शके सतराशे बेचाळीस, विक्रमनाम संवत्सर, फाल्गुनाचा शुद्ध पक्ष. थंडी सरली होती आणि ऊन अजून अंगाला लागत नव्हते. त्या वेळी एका डोंगराच्या उतारावर एक गाव होते, आणि गावाच्या वर मोहाचे रान. ते कुणी लावलेले नव्हते, पण झाडे घराघरांत वाटलेली होती. फुले यायची झाली की रान गोड वासाने जड व्हायचे. त्या वासात माणसे हळू बोलत, हळू चालत आणि दुपारी बसल्या जागी डोळे मिटत.

गावचा कारभार एका म्हाताऱ्याकडे होता. सगळे त्याला कारभारी म्हणत. तो बोलला की विषय संपला.

गेल्या दिवाळीनंतर मोहांच्या बुंध्यांची साल सुटू लागली होती. मोठाले तुकडे गळून पडत आणि आतले पांढरे लाकूड उघडे पडे. काही झाडांचे शेंडेही वाळले. मोह गेला तर गावाचे अर्धे पोट गेले. त्याच दिवसांत एक धनगर आपली मेंढरे घेऊन रानातून उतरला होता. कारभाऱ्याने दोन्ही गोष्टी जोडल्या. मेंढरांनी साल खाल्ली, धनगराला वाट बंद, असे त्याने सांगितले आणि गावाने मानले.

फाल्गुनात धनगर परत आला आणि शिवेवर थांबला. माळावरचे पाणी आटले होते. जवळ पाणी एकच, गावच्या ओढ्यातला डोह.

"कारभारी, राम राम. कोकरं नवी आहेत. डोहावर पाणी पाजू द्या, लगेच पुढं निघतो."

"झाडं खाऊन वर पाणी मागतोस?"

"मेंढरानं खाल्लं असंल तर दाताची खूण असंल की. बघितलीत का?"

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही. बघा म्हणतो."

"बघतो. खूण घेऊनच येतो. तोवर शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही."

घरी कारभारीण म्हणाली, "पाणीच तर मागतोय. कोकरांनी पिऊन डोह आटणार आहे का?"

"आधी न्याय व्हायचाय."

"होऊ द्या की मग. कोकरांना सांगते थांबायला."

कारभारी काठी घेऊन रानात गेला.

त्याने एकेक बुंधा पाहिला. बोटे फिरवली. दाताची खूण कुठेच नव्हती. साल छातीच्या उंचीपर्यंत गेली होती, तिथे मेंढराचे तोंड पोचत नाही. साळिंदराने कुरतडली म्हणावी, तर कुरतडल्याचेही काही दिसेना. बुंधे काळवंडलेले होते, पण ते तर नेहमीचेच. कारभारी चिडला आणि दमला. एका मोहाला टेकून बसला. वासाने डोळे जड झाले.

झोपेत त्याला रान दिसले. सगळे मोह उठून उतारावरून खाली चालले होते, धान्याची पोती घेतलेल्या बायांसारखे, सावकाश, एकामागून एक. तो डोंगराच्या अंगाला उभा होता आणि त्यांच्या पाठी पाहत होता. प्रत्येकाची पाठ सोललेली होती. पोटावर मात्र कुणाच्याच काही नव्हते.

जागा झाला तेव्हा ऊन कलले होते. तो उठला आणि पुन्हा सगळी झाडे फिरला. स्वप्न खरे होते. जखम प्रत्येक झाडाला डोंगराच्या अंगालाच होती. खालच्या अंगाची साल धड होती. मेंढरू असे एकाच बाजूने कशाला खाईल? त्याला उत्तर सापडेना, आणि उत्तर नसताना शिवेवर जायला त्याचे पाय वळेनात.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच जाऊन बसला. दुपारचा वारा सुटला. वाळलेली पाने सरपटत उतारावरून येत, बुंध्याला अडत आणि तिथेच थांबत. वरच्या अंगाला पाल्याचा ढीग कमरेपर्यंत आला होता. खाली भुई जवळजवळ मोकळी होती.

तेवढ्यात बाया आल्या. पुढे कारभारीण, हातात निखाऱ्यांचे मडके. गावची रीत होती. फुले गळण्याआधी मोहाखालचा पाला जाळून भुई लख्ख करायची, म्हणजे पडलेले फूल दिसते. आग घरच्या चुलीतली हवी, आणि पहिला निखारा कारभाऱ्याच्या हातचा.

त्याने निखारा टाकला. दर वर्षी तो टाकून घरी वळत असे. या वर्षी थांबला.

मोकळ्या भुईवर आग पाण्यासारखी पळाली आणि विझली. बुंध्याच्या वरच्या अंगाला मात्र ती बसली. ढीग धुमसत राहिला, निळा धूर झाडाला वेटाळून वर गेला. बऱ्याच वेळाने कारभाऱ्याने सालीला हात लावला आणि झटकन काढला. साल जागच्या जागी होती, नुसती काळी. ती आज पडणार नव्हती. आतून भाजलेली साल पावसाळा काढणार होती आणि दिवाळीनंतर सुटणार होती.

"कधीपासून जाळतो आपण?" त्याने विचारले.

"तुमच्या आजोबांच्याही आधीपासून."

"मोहाचं रोप शेवटचं कधी बघितलंस?"

कारभारणीने बुंध्यांमधल्या भुईवर नजर फिरवली. "नाही आठवत," ती म्हणाली.

बायांना काही कळले नव्हते. त्याने साळिंदराचे नाव घेतले असते तरी गावाने मान डोलावली असती. कारभाऱ्याने हिरवी फांदी तोडली, आग झोडून विझवली आणि शिवेकडे निघाला. बाया मागून चालल्या. वाटेत गाव मिळत गेले.

धनगर खाली मान घालून बसला होता. शेजारी घोंगडीखाली काही झाकलेले होते.

"गेली?" कारभाऱ्याने विचारले.

"जी. तहानेनं."

कारभारी गावाकडे वळला. "साल मेंढरांनी खाल्ली नाही. आपण भाजली. पहिला निखारा माझा असतो. आजपासून रानात विस्तव न्यायचा नाही."

एक जण म्हणाला, "मग फुलं वेचायची कशी? पाल्यात चाचपडत?"

"पाला खराट्यानं ओढायचा."

"कंबर मोडंल, कारभारी."

"मोडू दे."

मेंढरे डोहावर गेली. ती पाणी पीत होती तोवर कारभाऱ्याने आपल्या गोठ्यातली पहिली दोन करडे स्वतः उचलून आणली. मग ज्या ज्या घरातून निखारा जात असे, त्या त्या घरातून एकेक करडू आले. जेवढी कोकरे घोंगडीखाली होती, तेवढी करडे कळपात सोडली गेली. धनगराने काठी उचलली. कळप पुढे निघाला.

तात्पर्य एवढेच: नुकसान कुणी केले हे शोधताना संशयितांत आपली जुनी रीतही धरावी.