दार कुणी उघडायचं

वस्तूंना वाचा होती तेव्हाची गोष्ट. गुणाबाईंच्या खुराड्यातली अंडी चोरणारं मुंगूस एका दुपारी पिंजऱ्यात अडकलं.

कोंबडा तावातावाने म्हणाला, "पिंजरेदादा, दार उघडा, म्हणजे आपला कुत्रा या चोराला इथंच संपवेल!"

"धरून ठेवणं एवढंच माझं काम. पुढचं गुणाबाई बघतील," पिंजरा म्हणाला.

"भित्रे कुठले!" कोंबडा फणकारला. पिंजऱ्याला ते फार लागलं, पण त्याने दार हलू दिलं नाही. गुणाबाईंनी येऊन मुंगूस लांब रानात सोडलं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात आमिषाला ठेवलेलं अंडं टोचायला कोंबडाच आत शिरला आणि दार पडलं. त्याच्या चोचीला लागलेला बलक बघून कोंबड्या ओरडल्या, "हाच चोर! दार उघडा, कुत्र्याला बोलवा!"

कोंबडा अंग चोरून पुटपुटला, "दादा, गुणाबाई येईपर्यंत दार घट्ट धरा हं."