थांबलेली कळ

“दुखणं तर थांबलं! मग माझं चुकलं कुठं, बुवा?”

शिष्य दिगंबरानं भारतीबुवांना विचारलं. मठाच्या ओसरीवर निजवलेल्या मंजुळेकडे ते बघत राहिले...

साळ्यांच्या या सुनेचं पोट कालपासून दुखत होतं. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. बुवा परगावी गेले होते, ते आत्ता परतले. दिगंबराला अंगातलं हाड न् हाड, आतडं न् आतडं तोंडपाठ, त्यामुळे मठाची रीत त्याला पोरखेळ वाटे. पोटावर हात ठेवल्याशिवाय औषधाच्या बाटलीला शिवायचं नाही, ही ती रीत. या शहाण्यानं उंबऱ्यातूनच निदान ठोकलं, “कोठा जड झालाय,” आणि वाटीभर एरंडेल पाजलं.

आज सकाळपर्यंत ती गडबडा लोळत होती. मग कळ एकाएकी थांबली.

“आता लई हलकं वाटतंय,” मंजुळा म्हणाली. तिचा नवरा सोपान दिगंबराच्या पाया पडला. दिगंबर मनातून फुलून गेला.

बुवांनी शिष्याचा हात धरला आणि तिच्या पोटावर ठेवला.

पोट फळीसारखं ताठ लागलं.

“उजवीकडे खाली काय असतं?”

“मोठं आतडं सुरू होतं... त्याला करंगळीएवढं शेपूट असतं. आंत्रपुच्छ.”

“ते सुजलेलं असताना जुलाब दिला, तर?”

“फुटतं.”

“फुटल्यावर?”

“ताण जातो... कळ थांबते. थोडा वेळ.”

बुवा वळले. “सोपान, जीप आण. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचंय. धावत जा.”

दिगंबर सोबत गेला. वाटेत मंजुळेला हुडहुडी भरली, ओठ निळे पडले. त्याचा हात तिच्या पोटावरच होता.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच पायी परतला.

“गेली, बुवा...”

बुवांनी त्याला शेजारी बसवलं.

“सोपाननं परत माझे पाय धरले. म्हणाला, तुम्ही लई केलंत. मी त्याला खरं सांगितलं. त्यानं हात काढून घेतले...” दिगंबरानं छातीवर हात दाबला. “घास उतरत नाही. इथं सारखं टोचतंय. यावर काहीतरी द्या.”

बुवांनी आपला हात त्याच्या छातीवर ठेवला. बराच वेळ...

“फार दुखतंय?”

“फार.”

“दुखू दे. थांबलं, की मात्र धावत ये.”